कारण लिहून द्या!

आमच्या बँकेत चेक परत करायचा झाला, तर त्याला कारण द्यावं लागतं. कारकुनाला त्या दिवशी कंटाळा आला होता, साहेबांचं घरी भांडण झालं होतं, किंवा खातेदाराचा चेहराच पसंत पडला नाही, ही कारणं चालत नाहीत. (चालत असती तर आमच्या शाखेतून आजवर एकही चेक वटला नसता.) खात्यात पैसे कमी आहेत, सही जुळत नाही, अक्षरी रक्कम एक आणि आकडी भलतीच आहे, तारखेला तीन महिने उलटून गेले आहेत, खातेदाराने स्वतःच 'पैसे देऊ नका' म्हणून कळवलं आहे, असं जे काय असेल ते एका चिटोऱ्यावर लिहून तो चिटोरा चेकबरोबर पाठवावा लागतो. या चिटोऱ्याला रिटर्न मेमो म्हणतात. दिसायला तो लाँड्रीच्या पावतीपेक्षाही गरीब असतो. पण खात्यात पैसे नसताना चेक देणं हा १ एप्रिल १९८९पासून गुन्हा ठरला, आणि तो खटला कोर्टात उभा राहतो तो या चिटोऱ्याच्या पायावर.

गेली वीस वर्षं मी चेक आणि मेमो यांच्या संगतीत काढली आहेत. त्यामुळे जगाकडे बघण्याची माझी नजरच थोडी मेमोची झाली आहे. कुणी नाही म्हणालं तर माझी तक्रार नसते. नाही म्हणण्याचा अधिकार साहेबाला आहे, रिक्षावाल्याला आहे, आणि घरच्या मंडळींना तर तो जन्मसिद्धच आहे. पण बाबा रे, नाही म्हणतोस तर का नाही म्हणतोस तेवढं सांग! रिक्षावालासुद्धा 'गॅस भरायचाय' म्हणून जातो. खोटं का असेना, पण कारण देतो. हे साधं पथ्य न पाळणारा एकच प्राणी सध्या मध्यमवर्गीय घरांत वावरतो आहे. तो म्हणजे कॉम्प्युटर. आणि त्याच्या या माजोरीपणाला आपण 'टेक्निकल प्रॉब्लेम' असं गोंडस नाव देऊन गप्प बसतो, हे मला अजिबात मान्य नाही.

पुरावा क्रमांक एक आमच्याच घरातला आहे.

आमचा कॉम्प्युटर २०१८ सालचा. सुटे भाग आणून जोडलेला. अलीकडे तो इतक्या सावकाश सुरू व्हायचा, की बटण दाबून मी चहा टाकायचो, चहा पिऊन कप विसळायचो, पेपरातली निधनवार्ता वाचायचो, आणि मग आमच्या यंत्राला जाग यायची. अकरावीतल्या कन्येने निदान केलं, "बाबा, हार्ड डिस्क जुनी आहे. एसएसडी टाकू या." जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि तिच्यावर एक दांडी इकडून तिकडे धावत अक्षरं शोधत असते. म्हणजे आमच्या रेकॉर्ड रूममधल्या शिपायासारखी. नव्या डिस्कमध्ये फिरणारं, धावणारं काही नाही. सगळा कारभार जागच्या जागी. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी ती एक कांडी असते, च्युइंगमच्या कांडीची थोरली बहीण. तिच्यासाठी बोर्डावर एम डॉट टू नावाची एक खोबण असते, त्या खोबणीत ती खोचायची आणि तिळाएवढ्या स्क्रूने पिळायची. झालं. कन्येने दहा मिनिटांत हे केलं. मी टॉर्च धरला होता. घरातल्या कुठल्याही दुरुस्तीत माझ्याकडे हेच खातं असतं.

बटण दाबलं. पंखे फिरले. काळा पडदा आला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य उमटलं. "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस, ऑर इन्सर्ट बूट मीडिया इन सिलेक्टेड बूट डिव्हाइस अँड प्रेस अ की."

याचं मराठी असं, की 'पुन्हा सुरू करा आणि सुरू होण्याचं योग्य साधन निवडा. नाहीतर निवडलेल्या साधनात सुरू होण्याचं साहित्य घाला आणि एखादी कळ दाबा.' आता मला सांगा, यातून कुणाला काय कळलं? 'योग्य साधन' म्हणजे कुठलं? काल जे योग्य होतं ते आज अयोग्य कशाने झालं? आणि 'साहित्य' कसलं? सत्यनारायणाच्या साहित्याची यादीसुद्धा गुरुजी लिहून देतात. सुपाऱ्या किती, पानं किती, सगळं. इथे नुसतंच 'साहित्य घाला'. बरं, शेवटी 'कळ दाबा' म्हणतोय म्हणून आम्ही कळ दाबली. तर तेच वाक्य खाली पुन्हा उमटलं. पुन्हा दाबली, पुन्हा वाक्य. थोड्या वेळाने पडदाभर ते एकच वाक्य झालं. आमच्या शाळेत शिक्षा म्हणून एकच ओळ शंभर वेळा लिहून घेत, तसं. फक्त शिक्षा नेमकी कुणाला चालली होती ते समजेना.

कन्येने मग यंत्राच्या पोटातला तो सेटिंगचा पडदा उघडला. तो उघडायला यंत्र सुरू होतानाच्या दोन-तीन सेकंदांत एक विशिष्ट कळ दाबावी लागते. ती कळ कुणाकडे डिलीट, कुणाकडे एफ २, कुणाकडे एफ १०, कुणाकडे एस्केप. कंपन्यांचं जगात कशावर एकमत असेल तर ते कशावरही एकमत न करण्यावर आहे. पडद्यावर नवी कांडी दिसत होती. जुनी डिस्क मात्र यादीतून गायब.

"बाबा, जुनी डिस्क गेली वाटतं," कन्या हळूच म्हणाली.

त्या डिस्कवर सोसायटीचे हिशेब होते. त्यांची मला काळजी नव्हती, ते कागदावरही आहेत. पण त्याच डिस्कवर माझ्या वडिलांचा आवाज होता. वडील २०२१ साली गेले. त्याच्या आधीच्या एका दिवाळीत कन्येने फोनवर त्यांचं बोलणं टिपलं होतं. गावाहून पहिल्यांदा शहरात आले तेव्हा कुठे उतरले, पहिल्या पगाराचं काय केलं, असलं सगळं. अकरा मिनिटं. मध्ये दोन-तीनदा खोकतात आणि शेवटी विचारतात, "चालू आहे का गं ते?" याच्या दोन प्रती होत्या. एक त्या फोनमध्ये. तो फोन मागच्या पावसाळ्यात भिजून वारला. दुसरी या डिस्कवर.

घरात कुणीच काही बोलेना. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "दुकानात दाखवून तरी आणा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो डबा कडेवर घेऊन मी दुकानात गेलो. तिथल्या तज्ज्ञाने दीड मिनिट पडद्याकडे बघितलं आणि निकाल दिला. "विंडो उडाली. फॉर्मॅट मारावा लागेल. सहाशे रुपये. डेटा पाहिजे असेल तर रिकव्हरीवाल्याकडे पाठवतो. तो आठ-दहा हजार घेतो, गॅरंटी नाही देत."

"पण कारण काय झालं?" मी.

"असं होतं कधीकधी."

असं होतं कधीकधी! उद्या हा शेरा मारून मी एक चेक परत करून पाहतो. परवा मी कुठल्या आडगावच्या शाखेत असेन ते तुम्हीच ओळखा. मी तो डबा पुन्हा कडेवर घेतला आणि घरी आलो. कारण न सांगता पैसे मागणाऱ्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत, हे बँकेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

घरी कन्येने शाळकरी बुद्धी चालवली. जे शेवटी घातलं ते आधी काढून बघायचं. कांडी काढली, आणि जुनी डिस्क परत यादीत हजर! म्हणजे डिस्क मेलेली नव्हती, विंडो उडालेली नव्हती, काहीच गेलेलं नव्हतं. मग गणपतीच्या मखराखालून त्या बोर्डाचा खोका निघाला आणि खोक्यातून पुस्तिका. तिच्यात एका आकृतीखाली, विम्याच्या अटींपेक्षाही बारीक अक्षरांत, एक टीप होती. एम डॉट टूच्या खोबणीत आम्ही आणलेल्या जातीची कांडी बसवली, तर हार्ड डिस्कची केबल जिथे लावतात त्यातलं साटा क्रमांक एकचं भोक बंद होतं. कारण त्या भोकाची आणि खोबणीची आतली वाट एकच आहे. एका नळावर दोन बिऱ्हाडं. नव्या बिऱ्हाडाने नळ उघडला की जुन्याचं पाणी बंद. आमच्या जुन्या डिस्कची केबल नेमकी क्रमांक एकमध्ये होती. कन्येने ती काढून शेजारच्या भोकात घातली. चार सेकंद लागले. यंत्र सुरू झालं आणि वडिलांनी विचारलं, "चालू आहे का गं ते?"

आता माझा मुद्दा नीट ऐका. ते भोक बंद कुणी केलं? आम्ही नाही. दुकानदाराने नाही. खुद्द यंत्राने केलं. म्हणजे कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. शिपायाने स्वतःच दाराला आतून कडी घालावी आणि बाहेरच्या माणसावर ओरडावं, "योग्य दाराने या!" त्यातला हा प्रकार आहे. माहीत नसणं मी समजू शकतो. माहीत असून न सांगणं, आणि वर समोरच्याने काहीतरी अयोग्य निवडलंय असा सूर लावणं, याला काय म्हणायचं?

मंडळी लगेच म्हणतात, अहो, ती यंत्राची अगदी सुरुवातीची अवस्था असते. तिथे एवढं बोलायला जागा नसते. ठीक आहे. आपण कॉमर्सची माणसं, जागेचा हिशेबच करू.

'बूट' हा शब्द मुळात इंग्रजीतल्या बुटाच्या पट्ट्यावरून आलाय. स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी ती कल्पना. यंत्र जागं होतं तेव्हा त्याला काहीच येत नसतं. एक छोटा प्रोग्रॅम मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो, तो त्याहून मोठ्याला. १९८३ साली हार्ड डिस्कवाले पर्सनल कॉम्प्युटर आले, तेव्हा डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात हा छोटा प्रोग्रॅम ठेवायची पद्धत पडली. तो कप्पा ५१२ बाइटचा. त्यातले ६४ डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला, २ शिक्क्याला. उरले ४४६. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट लागतो, म्हणजे चारशे सेहेचाळीस अक्षरांची जागा. तुम्ही आत्ता वाचताय तो परिच्छेदही त्यात मावणार नाही. एवढ्या जागेत त्या काळच्या माणसांनी सगळा प्रोग्रॅम बसवला आणि वर तीन वेगवेगळी कारणंही बसवली. 'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल', म्हणजे वाटण्यांची नोंद चुकीची आहे. 'एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम', म्हणजे वाचताना अडचण आली. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम', म्हणजे वाचायला गेलो पण तिथे काही नाहीच. तीन निरनिराळे मेमो! त्याआधी १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तो तर आकड्यांत बोलायचा. ३०१ म्हणजे कीबोर्डची तक्रार, २०१ म्हणजे मेमरीची. १९८३च्या एक्सटीवर १७०१ आला की हार्ड डिस्क. आमच्या मेमोवरही कारणांना असेच क्रमांक असतात, म्हणून मला त्या यंत्राबद्दल भाऊबंदकीचं प्रेम वाटतं.

आता आजची जागा बघा. आजच्या बोर्डावर याच कामासाठी जी चिप असते ती १६ मेगाबाइटची असणं हे काही नवलाचं नाही. भागाकार मी करून ठेवलाय. ४४६च्या सदतीस हजार पटींहून जास्त! या जागेचं केलं काय? रंगीत चित्रं आली. माऊस चालायला लागला. पंखा मिनिटाला किती फेरे घेतो याचा आलेख आला. सुरू होताना कंपनीचं बोधचिन्ह पडदाभर झळकतं. चारशे सेहेचाळीस बाइटवाल्या गरिबाने तीन कारणं दिली, आणि हा सदतीस हजार पट श्रीमंत एकच वाक्य शंभरदा बोलतो. माणसांतही मी हे पाहिलं आहे. पण माणसाला निदान कर्ज नामंजूर करताना आपण कारण कळवतो.

आमचा भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, "मामा, सामान्य युजरला टेक्निकल डिटेल्स दिले की तो घाबरतो." म्हटलं, "आणि काळ्या पडद्यावर 'योग्य साधन निवडा' वाचून तो काय आनंदाने गाणी म्हणतो?" एसटी रस्त्यात थांबली तर कंडक्टर खाली उतरून बघतो आणि सांगतो, टायर पंक्चर झालाय, अर्धा तास लागेल. तो रबराचं रसायनशास्त्र सांगत बसत नाही. पण 'योग्य गाडी निवडा' असंही म्हणत नाही. त्याने तसं म्हटलं तर त्या गाडीचं पुढे काय होईल ते भाच्याला माहीत आहे. तो कॉलेजला एसटीनेच जायचा. माणूस घाबरतो तो कारणाने नाही, कारण न कळल्याने. २०१२ साली विंडोज आठ आली तेव्हा तर कहर झाला. यंत्र बंद पडलं की निळ्या पडद्यावर उदास तोंडाचं चिन्ह! अरे, तुला दुःख झालंय हे कळलं. पण सुतक कुणाचं आहे?

दुसरा आक्षेप पुस्तिकेचा. 'टीप छापलेली होती ना? वाचायची.' या न्यायाने चेक परत आलेल्या माणसाला आम्ही म्हणायला हवं, १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट छापलेला आहे, वाचून या! टीप छापणं हे कंपनीच्या वकिलासाठी असतं. सांगणं हे गिऱ्हाइकासाठी असतं. दोन्हींत फरक आहे. ज्या क्षणी भोक बंद होतं, त्या क्षणी यंत्राच्या समोर माणूस बसलेला आहे, पडदा आहे, अक्षरं उमटवायची सोय आहे. आणि कारण मात्र माळ्यावर, मखराखाली!

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. भाचाच म्हणाला, "प्रत्येक वेळी यंत्राला कारण माहीत नसतं. केबल सैल आहे की डिस्क जळली, हे त्याला बाहेरून सारखंच दिसतं." कबूल. आमच्याकडेही 'रेफर टू ड्रॉवर' नावाचा एक शेरा आहे. त्याचा अर्थ, ज्याने चेक दिला त्यालाच जाऊन विचारा. हा शेरा मला कधीच आवडला नाही. तो कारण नसून कारणाची पाठ आहे. पण माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा ना! कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं याचा क्रम यंत्र स्वतःजवळ लिहून ठेवतं. 'काल अमुक डिस्क होती, आज दिसत नाही, केबल तपासा' एवढं तर ते त्याच नोंदीवरून म्हणू शकतं. खातेउतारा पाहून कारकून सांगतो तसं.

आणि हा काही एकट्या माझ्या घरचा सल नाही. पुरावा क्रमांक दोन आमच्या कॅश काउंटरचा. म्हणजे काउंटरमागच्या सहकाऱ्याचा. त्याने घरच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क लावली आणि तिच्यावर कोरी विंडोज टाकली. जुनी डिस्क तशीच जोडलेली होती. पंधरा दिवस सगळं झकास. मग त्याने जुनी डिस्क काढून भंगारवाल्याला दिली, आणि नवी डिस्क त्याच दिवशी मुकी झाली. का? तर विंडोज टाकणाऱ्या प्रोग्रॅमला जुन्या डिस्कवर सुरुवातीच्या फायलींचा एक छोटा कप्पा आयता सापडला, म्हणून त्याने नव्या विंडोजच्याही सुरुवातीच्या फायली तिथेच टाकल्या. न विचारता, न सांगता. नव्या शाखेचं उद्घाटन झालं, संगमरवरी काउंटर आले, कुंड्या आल्या, आणि शटरची किल्ली राहिली जुन्या शाखेच्या ड्रॉवरमध्ये! आमच्याकडे शाखा हलवताना किल्ल्यांची स्वतंत्र वही असते, दोघांच्या सह्या असतात. इथे वही नाही, सही नाही. पडद्यावर पुन्हा तोच 'साधन सापडत नाही'चा पाढा.

पुरावा क्रमांक तीन आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्या लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवताना दुकानातल्या पोऱ्याने आतलं एक सेटिंग बदललं. सुरू करायला गेले तर यंत्र म्हणालं, ४८ आकड्यांची किल्ली द्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गठ्ठे. मास्तरांनी आयुष्यात कुठल्या डिस्कला कुलूप घातलं नव्हतं. ते लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हाच आपोआप लागलं होतं, आणि किल्ली इंटरनेटवरच्या एका खात्यात जाऊन बसली होती. ते खातं लॅपटॉप विकणाऱ्याने काउंटरवर घाईघाईत उघडून दिलं होतं. पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तो नोकरी सोडून गेलेला. कुलूप असणं चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या हाती काही लागत नाही. पण आमच्याकडे लॉकर देताना ग्राहकासमोर किल्ली ठेवतात, ती हातात दिल्याची सही घेतात, आणि हरवलीत तर काय होईल ते आधी सांगतात. मास्तरांचं तीनशे पानांचं आत्मचरित्र अजून त्या कुलपात आहे. त्यांच्या काही जुन्या सहकाऱ्यांनी हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण मास्तर मात्र परवा मला जिन्यात म्हणाले, "पुन्हा लिहायला बसेन, पण आता ते तसं नाही यायचं." यावर काय बोलणार?

म्हणून मला हा विनोदाचा विषय वाटत नाही. (वाटत असता तर मी एव्हाना दोन विनोद जास्त केले असते.) आपल्या सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, मोटारी, सगळ्यांचा त्यात विचार आहे. उत्तम. सुटे भाग मिळावेत, पुस्तिका मिळाव्यात. पण माझं म्हणणं असं, की दुरुस्तीचा हक्क स्क्रू-ड्रायव्हरपासून सुरू होत नाही. तो 'काय बिघडलंय' हे कळण्यापासून सुरू होतो. ज्याला कारण कळत नाही, त्याच्या हातात सगळ्या जगाचे सुटे भाग दिलेत तरी तो शेवटी नवा कॉम्प्युटर विकत घेतो. आणि मला संशय आहे, की हे कंपन्यांना माझ्याआधी कळलेलं आहे.

तेव्हा यंत्र बनवणाऱ्या सगळ्यांनी खालील नमुन्यात मेमो द्यावा, अशी माझी मागणी आहे. एक, मी काय शोधत होतो. दोन, मला काय काय सापडलं. तीन, काल होतं आणि आज नाही असं काय आहे. चार, मी स्वतः काय काय बंद केलं आहे. पाच, ग्राहकाने पहिल्यांदा काय करून पाहावं. सहा, डेटा शाबूत आहे की नाही. माहीत नसल्यास तसं लिहावं. आमच्या प्रकरणात तो मेमो असा झाला असता. 'महाशय, आपली जुनी डिस्क साटा क्रमांक एकला होती. खोबणीत नवी कांडी आल्यामुळे ते भोक मी बंद केलं आहे. केबल दुसऱ्या भोकात लावावी. जुनी डिस्क मी तपासलेली नाही. आपला विश्वासू, कॉम्प्युटर.' इंग्रजीत हे तीनशे अक्षरांत आरामात बसतं. म्हणजे १९८३च्या कप्प्यातसुद्धा वर जागा उरते.

हा मेमो मिळेपर्यंत आपण सामान्यांनी काय करायचं? नवी डिस्क लावल्यावर यंत्र अडलं, तर आधी ती काढून जुन्या स्थितीत सुरू होतं का ते बघायचं. सेटिंगच्या पडद्यावर डिस्कचं नाव दिसतं का ते बघायचं, आणि नसेल तर केबल दुसऱ्या भोकात घालून पाहायची. नव्या डिस्कवर विंडोज टाकताना जुनी सोडवून बाजूला ठेवायची. लॅपटॉपला न सांगता लागलेलं कुलूप आहे का हे आजच तपासून, तो अठ्ठेचाळीस आकडी मंत्र कागदावर उतरवून कपाटात ठेवायचा. आणि एवढं करूनही कुणी तुमच्याकडे बघून "फॉर्मॅट मारावा लागेल" म्हणालाच, तर त्याच्यापुढे एक कोरा कागद सरकवायचा आणि शांतपणे सांगायचं, "हरकत नाही. कारण लिहून द्या, आणि खाली सही करा."

सही करायची म्हटली की माणूस पुन्हा एकदा विचार करतो. वीस वर्षं लोकांच्या सह्या तपासून मला एवढं एकच शास्त्र अवगत झालेलं आहे.